काळ्या गाडीवरचं जाळं

गाडी पॉलिशला घेऊन गिऱ्हाईक दारात आलं की मी आधी एकच गोष्ट सांगायचो : सावलीत नको, उन्हात लावा. गिऱ्हाईक बुचकळ्यात पडायचं. सगळं जग गाडीसाठी झाडाची सावली हुडकत हिंडतं आणि हा शहाणा उन्हात लाव म्हणतो! पण सावलीत सगळ्याच गाड्या घरंदाज दिसतात. खरं काय ते ऊन सांगतं. चांगल्या रंगाची गाडी उन्हात नेली, की सूर्याचं बिंब टपावर पडतं आणि त्या बिंबाभोवती केसाएवढ्या बारीक रेघांचं गोल गोल जाळं दिसायला लागतं. कोळ्यानं विणल्यासारखं. गाडी हलली की जाळंही तिच्याबरोबर सरकतं. ते जाळं काढायचं, हा माझा धंदा. आयुष्यभराचा.

मी बी.ए. आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण दुकानाच्या पाटीवरही मी ते आधीच लिहिलं होतं. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आजोबा एका सरदारांच्या पागेत घोड्यांना खरारा करायचे. पागेचा मोटारखाना झाला तेव्हा वडील, म्हणजे आमचे आबा, त्याच सरदारांच्या मोटारी पुसायला लागले. घोड्याच्या जागी मोटार आली, माणसं तीच राहिली. मी शिकावं म्हणून आबांनी काय काय केलं ते इथं सांगत बसत नाही. शिकलो, पास झालो, आणि त्याच सुमारास संस्थान विलीन झालं. सरदारांनी मोटारी विकल्या, मोटारखान्याला कुलूप घातलं. आबा घरी आले ते ब्रश, फडकी आणि कंपाउंडचे, म्हणजे रंग घासायच्या बारीक लेपाचे, चार डबे घेऊन. लक्ष्मीपुरीच्या मागच्या अंगाला एक पत्र्याची शेड मिळाली, तिथं त्यांनी पॉलिशचं काम सुरू केलं. कचेरीत नोकरी लागेपर्यंत त्यांना हातभार लावावा म्हणून मी शेडमध्ये जायला लागलो आणि तिथंच राहिलो. लोक कारण विचारायचे. मला ते काम आवडलं, एवढंच कारण. पण ह्या कारणावर कोल्हापुरात कुणाचा विश्वास बसत नाही.

समोरच्या तालमीतले पैलवान रोज सकाळी रंकाळ्यावरून येताना शेडपाशी थांबून विचारायचे, "काय बीये, आज कुणाची म्हस धुतली?"

"तुमचीच ऱ्हायलीया. घिऊन या की," मी म्हणायचो.

त्यांना वाटायचं मला लाज वाटत असेल. मला कधी वाटली नाही. उलट डिग्रीचा ह्या कामात उपयोग झाला, हे आज मी छातीवर हात ठेवून सांगतो. कसा, ते पुढं येईलच.

बाहेरच्या माणसाला हे काम म्हणजे फडकं घ्यायचं आणि घासायचं, एवढंच वाटतं. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांवर लॅकरचा रंग असायचा. कारखान्यात फवाऱ्यानं एकावर एक हात मारलेले, आणि सगळ्यांच्या खाली तांबूस अस्तर. रंगाची जाडी म्हणाल तर जाड कागदाएवढी. ह्या रंगावर आपल्या रस्त्यावरची मुरमाची धूळ बसते. ती बारीक दिसते, पण दातात धरून बघा, कचकच वाजते. आता त्या धुळीवरून कोरडं फडकं फिरवलं तर काय होईल? सुतार लाकूड घासतो तेच. फडक्याखाली सापडलेला प्रत्येक कण रंगावर आपली रेघ ओढत जातो. रेघा गोल नसतात बरं का. उभ्या, आडव्या, तिरप्या, हव्या तशा असतात. पण सूर्याच्या बिंबाभोवतीच्या तेवढ्या रेघा गोलाईत चमकतात, म्हणून डोळ्याला जाळं दिसतं.

ते काढायला तीन कामं. आधी भरपूर पाण्यानं धुवायचं, इतकं की बोट फिरवलं तर करकर वाजावं. मग मऊ फडक्यावर चिमूटभर कंपाउंड घेऊन हाताएवढी एकच जागा धरायची आणि रेघा जिथवर खोल गेल्यात तिथवर रंग समतल आणायचा. नीट ऐका, समतल आणायचा. रेघ म्हणजे खड्डा. खड्डा बुजवता येत नाही, भोवतालची जमीन खाली आणावी लागते. म्हणजे प्रत्येक पॉलिशमध्ये गाडीचा थोडा थोडा रंग जातो. तिसरं काम मेणाचं. आजऱ्याकडच्या रानातलं मधमाशीचं मेण आमच्याकडं यायचं. ते गरम पाण्यात ठेवलेल्या डब्यात वितळवायचं, चुलीपासून लांब नेऊन त्यात टर्पेंटाइन घालायचं आणि थंड झालं की गाडीला अंगाला तेल लावावं तसं लावायचं. अर्ध्या तासानं उतरवायचं. मग गाडीवर पाणी टाका, मोत्यासारखे थेंब उभे राहतात.

फडक्यांचं खातं आबांकडं होतं. जुनी मऊ धोतरं आणून, उकळून, काठ फाडून ते चौकोनी तुकडे करायचे. "काठाची शिवण म्हंजे करवत," असं म्हणायचे. मालिश करायला हौसेनं आलेल्या एका पैलवानाला त्यांनी पहिल्याच तासाला घरी पाठवलं होतं. "पैलवान, ही गाडी हाय. हिला चीतपट करायची न्हाय."

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा म्हणाल तर काय सांगू! गुळाच्या एका अडत्याची गाडी यायची. डिकीत ढेपा, सीटवर ढेपा, दाराच्या कडीला गूळ. आम्ही ती धुऊन मेण लावून दिली आणि दुसऱ्या दिवशी ते शेडमध्ये आरडाओरडा करत आले, "आवं, गाडीला मोहोळ लागलंय की! कसलं मेन लावलासा?" जाऊन बघतो तर बॉनेटवर मधमाश्या निवांत बसलेल्या. मेणाच्या वासानं आल्या की गुळाच्या, देव जाणे. आबा म्हणाले, "त्यांची वस्तू हाय, न्यायला आल्यात."

दुसरे सिनेमावाले. कोल्हापुरात तेव्हा स्टुडिओंची गडबड होती. एका दिग्दर्शकाला शूटिंगसाठी चकाचक गाडी हवी होती. आबा आणि मी राबलो, गाडी आरशासारखी करून दिली. स्टुडिओत दिवे लागले आणि दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसले. "अहो, दारात हिरोईन दिसायची सोडून सगळा स्टुडिओ दिसतोय! तो बघा चहावाला! चमक काढा, चमक काढा!" मग आम्हीच साबणाचा फेस करून गाडीला फासला आणि तसाच वाळू दिला. आबा गाडीकडं पाठ करून बसले होते.

पण मला सांगायचं आहे ते एका वेगळ्याच गाडीचं. त्याआधी घरातला एक वाद सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही.

मोटारखान्यात दर दसऱ्याला, खंडेनवमीच्या पूजेआधी, आबा सरदारांच्या काळ्या गाडीला कंपाउंडनं रगडून पॉलिश करायचे. फडकी काळीकुट्ट व्हायची. ती फडकी ते ताटात घालून सरदारांना दाखवायचे, "बगा सरकार, किती मळ निघाला." सरदार खूष होऊन शेला द्यायचे. असे कितीतरी शेले आमच्या घरात होते. आईनं त्यांच्या गोधड्या शिवल्या. फडकं जितकं काळं तितकं काम चांगलं, अशी आबांची पक्की समजूत होती. आणि एकट्या आबांची नव्हे, गावातल्या सगळ्या मोटारखान्यांत हाच रिवाज होता.

शेड सुरू झाल्यावर एका डॉक्टरांची हिरवी गाडी आली. पॉलिश करताना माझं फडकं हिरवं झालं. मी ते आबांपुढं धरलं.

"आबा, मळ हिरवा कसा?"

आबांनी बघितलं. "पावसाळ्यात उभी असंल. शेवाळ."

"बॉनेटवर शेवाळ?"

"डाक्टरची गाडी हाय. औषध सांडलं असंल."

"आबा, हा गाडीचा रंग आहे. काळ्या गाडीतनं निघायचा तोही रंगच होता. मळ कधीच धुऊन गेलेला असतो."

"व्हय? तर्कशास्त्र शिकीवलंय न्हवं तुला कॉलेजात. मग आता बापाला शिकीव." आणि ते फडकी फाडायला निघून गेले.

विषय तिथंच राहिला. मी मात्र त्या दिवसापासून हात हलका केला. कंपाउंड कमी, वेळ जास्त. गाडी आली की आधी मडगार्डच्या कडा बघायच्या, कारण रंग सगळ्यात आधी कडेला विरतो. अस्तराची तांबूस झाक दिसायला लागली असेल तर सरळ नाही म्हणायचं. आबा हे सगळं बघायचे आणि गप्प राहायचे. मीही पुन्हा तोंड उघडलं नाही. बापाची सगळी हयात ज्या चमकेवर उभी आहे ती पुन्हा पुन्हा कशाला खरवडायची?

अशात मुरगूडच्या बाजूच्या एका गावाहून इनामदारांची गाडी आली. मोठी, लांब, काळी, अमेरिकन. इनामदार वारले होते. घरात त्यांच्या पत्नी, आक्कासाहेब. त्यांच्या पुतण्याचं लग्न ठरलं होतं आणि वरातीला ही गाडी झळकायला हवी होती. गाडी घेऊन आला तो त्यांचा ड्रायव्हर, दस्तगीर. साठीकडं झुकलेला, डोक्याला पटका, खाकी कोट, खांद्यावर पांढरं स्वच्छ फडकं. सगळे त्याला दस्तगीरमामा म्हणायचे. गाडी नवी होती तेव्हापासून तोच चालवत होता. बायको गेलेली, मूलबाळ नाही, मोटारघराला लागून असलेल्या खोलीत राहायचा. गाडी थांबली की खाली उतरायचा आणि खांद्यावरचं फडकं काढून पुसायला लागायचा. आमच्या दारातही तेच. मुरगुडापासूनची धूळ बॉनेटवर होती आणि हा गोल गोल हात फिरवून ती पुसत होता. प्रेमानं. म्हातारी नातवाच्या पाठीवरून हात फिरवते ना, तसा.

मी धावत पुढं झालो. "मामा, ऱ्हावू द्या. आम्ही धुतो."

"आसूं द्या की मास्तर. धुळीची गाडी दुसऱ्याच्या दारात उभी करायची मला सवय न्हाय."

गाडी धुऊन उन्हात घेतली. एवढं दाट जाळं मी त्याआधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. टपावर, बॉनेटवर, दारांवर, जिथं जिथं माणसाचा हात पोचतो तिथं सगळीकडं. मग सवयीनं मी कडा तपासल्या. मडगार्डची कड, बॉनेटचा मधला कणा, दाराचे कोपरे. आणि चकित झालो. रंग सगळीकडं भरलेला. कारखान्यातनं निघाला तेवढाच म्हटलं तरी चालेल.

"मामा, हिला कधी पॉलिश केलंय?"

"कंदी न्हाय," तो अभिमानानं म्हणाला. "दसऱ्याला ते रगडणारं लोक यायचं गावात, म्या शिवू दिलं न्हाय कुणाला. आमच्या सायबास्नी म्हटलं, रोज पहाटं फडकं मारतोय, ह्येच तिचं पालीश."

दुसऱ्या दिवशी आक्कासाहेब देवीच्या दर्शनाला कोल्हापुरात आल्या होत्या. काम बघावं म्हणून त्या आणि लग्न ठरलेले पुतणे बाळासाहेब शेडवर आले. आक्कासाहेबांना खुर्ची दिली. बाळासाहेब पुण्यात राहिलेले, कडक इस्त्रीचे, घड्याळाकडं बघत बोलणारे. आमच्या धंद्यात एक पद्धत आहे : गिऱ्हाइकाला दाखवायला बॉनेटच्या मधोमध दोरी धरायची आणि एकच बाजू पॉलिश करायची. तशी मी केली होती. आबा कोपऱ्यात फडकी फाडत बसले होते, दस्तगीरमामा गाडीशेजारी उभा.

गाडी उन्हात घेतली. बॉनेटची डावी बाजू म्हणजे रात्रीच्या विहिरीचं पाणी. उजवी बाजू म्हणजे जाळं.

"अरे वा!" बाळासाहेब म्हणाले. "आणि हे एवढं कशानं झालं?"

हा प्रश्न मला शेकडो लोकांनी विचारलेला आणि त्याचं उत्तर माझ्या तोंडात तयार असायचं. ते तसंच बाहेर पडलं. "धुळीवर कोरडं फडकं फिरवल्यानं."

शब्द गेले आणि मग मला दस्तगीरमामाचा चेहरा दिसला. तो बॉनेटवर वाकला. डाव्या बाजूकडं बघितलं, उजव्या बाजूकडं बघितलं. मग स्वतःच्या तळहाताकडं बघितलं.

"फडकं कोण फिरवतं?" बाळासाहेबांनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं.

"मी फिरवतो, सायेब," दस्तगीरमामा म्हणाला. "रोज."

"ऐकलंत काकीसाहेब? मी गेल्या दिवाळीपासून सांगतोय. ह्याचं वय झालं. गाडीतलं काही कळत नाही. एवढ्या किमती गाडीचं बघा काय करून ठेवलंय. माझ्या माहितीतला एक मुलगा आहे पुण्यात, शिकलेला, गॅरेजमध्ये काम केलेला. वरातीला तो गाडी चालवेल. दस्तगीरनं आता गावाकडं जाऊन आराम करावा."

दस्तगीरमामाला जायला दुसरं गाव नव्हतं, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. तो एवढंच म्हणाला, "खरं हाय. माज्याच हातानं झालंय ते," आणि खांद्यावरचं फडकं काढून हातात धरून उभा राहिला. कुठं ठेवावं ते त्याला कळेना.

मला बोलणं भाग होतं. मी अर्धंच खरं बोललो होतो, आणि अर्ध्या खऱ्यावर एका माणसाचं घर जात होतं. उरलेलं अर्धं मात्र आबांच्या देखत बोलावं लागणार होतं. मी त्यांच्याकडं बघितलं. ते खाली मान घालून धोतराचा काठ फाडत होते. टर्रर्र आवाज येत होता.

"आक्कासाहेब," मी म्हणालो, "जाळं ह्यांच्या हातानं पडलं, हे खरं. पण ते वरवरचं आहे. एका पॉलिशमध्ये निघतं, ते तुम्ही बघताच आहात. निघतं का, तर खाली रंग शिल्लक आहे म्हणून. आणि रंग शिल्लक आहे तो ह्यांनी गाडीला दरसाल रगडू दिलं नाही म्हणून. ह्याच सालच्या, ह्याच कारखान्याच्या गाड्या मी गावात बघितल्यात. दर दसऱ्याला पॉलिश झालेल्या. आज त्यांना मी हात लावू शकत नाही. रंगच उरला नाही."

"कुठल्या गाड्या?" बाळासाहेब म्हणाले. "उगाच ड्रायव्हरची बाजू घेऊन बोलू नका. एक गाडी दाखवा."

दाखवण्यासारखी एक गाडी होती. सरदारांची. मोटारखाना मोडल्यावर ती एका टॅक्सीवाल्यानं घेतली होती आणि स्टेशनवर उभी असायची. मडगार्डच्या कडा तांबड्या, बॉनेटचा कणा तांबडा. आबा स्टेशनच्या रस्त्यानं जायचं टाळायचे. कारण मी कधी विचारलं नव्हतं.

फडकी फाडण्याचा आवाज थांबला होता.

"नाव घे की गाडीचं," कोपऱ्यातनं आबा म्हणाले.

"आबा..."

"घे म्हंतोय न्हवं?" ते उठले, गुडघे चोळत पुढं आले आणि आक्कासाहेबांना त्यांनी मुजरा केला. "आक्कासाब, ठेसनावर जावा. काळी टॅक्सी उभी हाय. आमच्या सरकारांची गाडी हुती. ह्या तुमच्या गाडीची सख्खी भन. दर दसऱ्याला म्या रगडायचा तिला. फडकी काळी व्हायाची, ती ताटात घालून दावायचा. मळ म्हणून. सरकार शेलं द्याचं. त्यो मळ न्हवता. रंग हुता. म्या तिची कातडी सोलली आन शाबासकी घेतली. ह्या बाबानं वरखडलं आसंल, पर सोललं न्हाय."

बाळासाहेब घड्याळाकडं बघायचे विसरले. दस्तगीरमामा आबांकडं बघत होता, आणि मी कुठंच बघू शकत नव्हतो. ज्या गोष्टीवर आम्ही बापलेक इतके दिवस एकमेकांशी गप्प होतो ती त्यांनी चार परक्या माणसांपुढं बोलून टाकली होती. आणि तीही दुसऱ्याच्या भाकरीसाठी.

आक्कासाहेब उठल्या. बॉनेटजवळ गेल्या, पण हात लावला नाही. "बाळासाहेब, वरातीला दस्तगीरच गाडी हाकेल," त्या म्हणाल्या. "आणि त्यानंतरही."

"पण काकीसाहेब, हे जाळं पुन्हा..."

"पडणार नाही. काय रे दस्तगीर?"

"न्हाय पडणार, आक्कासाब."

"ते फडकं दे ह्यांच्याकडं."

त्यानं फडकं मला दिलं. धुऊन धुऊन मलमलीसारखं झालेलं, एकही डाग नसलेलं फडकं. त्यात काही दोष नव्हता. दोष धुळीचा होता आणि पाण्याचा कंटाळा करणाऱ्या आपल्या सगळ्या मुलखाचा.

पुढचे काही दिवस गाडी आमच्याकडं होती. दस्तगीरमामा शेडमध्येच मुक्कामाला राहिला. आबांचं आणि त्याचं मेतकूट जमलं. दोघं तंबाखू मळत बसायचे आणि मी चुकलो की दोघं मिळून मला बोलायचे. मी त्याला धुवायचं शिकवलं : वरून खाली, पाणी सोडत, हात सरळ रेषेत, गोल नाही. त्याचा हात पुन्हा पुन्हा गोल जायचा.

"सरळ, मामा."

"हात ऐकंना की रं. लई वर्सांची खोड."

"आणि पाणी नसेल तर शिवायचं नाही."

"मग धूळ?"

"राहू द्यायची."

"धूळ ऱ्हावू द्याची?" तो माझ्याकडं असा बघायला लागला, जसं मी त्याला पोराचं नाक वाहू दे म्हणून सांगितलंय. "चारचौघांत?"

"चारचौघांत."

त्यानं मान हलवली आणि बादली भरायला गेला.

गाडी झाली ती बघण्यासारखी झाली. अगदी समोरच्या तालमीतले पैलवानसुद्धा म्हशीचं नाव न काढता बघून गेले. एक तर टपात बघून मिशीला पीळ भरून गेला. आबांनी मेण स्वतःच्या हातानं लावलं. कंपाउंडच्या डब्याला मात्र त्या दिवसानंतर ते शिवले नाहीत. ते काम माझं एकट्याचं झालं. धुणं आणि मेण त्यांचं. मी एकदा म्हटलं, आबा, हलक्या हातानं करा की थोडं. तर म्हणाले, "माझ्या वाट्याचा रंग म्या काढून झालाय." ही गोष्ट मला आजही लागते. मी तो हिरवा तुकडा त्यांच्यापुढं धरला नसता, तर म्हातारा त्या शेल्यांच्या आठवणीत सुखानं राहिला असता. पण मग एक माणूस रस्त्यावर आला असता. हे गणित मी कितीही वेळा मांडलं तरी शेवटी बाकी काही उरतेच.

वरात थाटात झाली, असं ऐकलं. आम्हाला बोलावणं होतं, पण आबांना ताप होता म्हणून गेलो नाही.

पुढं उन्हाळ्यात एका कामासाठी मी मुरगूडला गेलो होतो. बाजाराचा दिवस. बैलगाड्या, माणसं, शेळ्या, आणि रस्त्यावर घोट्याएवढी धूळ. पारापाशी इनामदारांची गाडी उभी होती. मी ओळखलीच नाही. काळी गाडी तांबडी दिसत होती. बॉनेटवर, टपावर, काचेवर धुळीचा थर. पोरांनी दारावर बोटानं नावं लिहू नयेत म्हणून चार बाजूंना चार दगड ठेवून सुतळीचं कुंपण केलेलं. आणि शेजारी पारावर दस्तगीरमामा.

बाजारची माणसं जाता-येता त्याला टोमणे मारत होती. "काय दस्तगीरमामा, म्हातारा झालास व्हय? गाडी पुसंनास!" "आवं, आक्कासाबांची गाडी हाय का मुरमाची?" एक पाहुणा तर थांबून म्हणाला, "फडकं नसंल तर माझा पटका देऊ का?"

"म्होरं व्हा पावणं," दस्तगीरमामा म्हणाला. "आडावर माणूस गेलाय पान्याला. पानी येस्तवर तिला हात लावायचा न्हाय."

मी जवळ गेलो. त्यानं मला बघितलं आणि तोंडभर हसला, पण रामराम करायला हात वर केला नाही. बाजूला सरकून फक्त जागा केली. मला कळेना, ह्याला झालंय काय. शेजारी टेकलो तेव्हा कळलं. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून तो त्यांच्यावर बसला होता.